मोठा प्लॅन घेऊनही मीटिंग अडकते? या चुका टाळा

नोकरी पुण्याच्या किंवा हैदराबादच्या कंपनीत आणि राहणं जुळे सोलापुरात, अशी मंडळी आता आपल्याकडे घरोघरी दिसतात. हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला धावपळ करण्यापेक्षा, आई-वडिलांजवळ राहून काम करणं केव्हाही चांगलं. फक्त नेटने साथ द्यायला हवी. मीटिंगमध्ये दोनदा आवाज तुटला की माणूस वैतागून १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करून घेतो, आणि पुढच्या सोमवारी आवाज पुन्हा तुटतो. वेग नेमका कुठे अडतोय हे न बघता पैसे वाढवणं, ही सगळ्यात महाग चूक.

आधी आकड्याचं बघू. जाहिरातीतले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात, आणि फाइल उतरवताना ब्राउझर मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साधारण १२ एमबी दिसले तर वेग पूर्ण मिळतोय. शिवाय प्लॅनवर '१०० पर्यंत' लिहिलेलं असतं, कायम १०० देण्याची हमी नसते. सरकारी व्याख्येत तर जानेवारी २०२३ पासून किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळालं की ते ब्रॉडबँड. त्याआधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस होती.

मोबाइलवर वाय-फायने वेग मोजणं

बहुतेक तक्रारी इथेच चुकतात. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, काम वरच्या खोलीत, मध्ये स्लॅब. पेठांमधल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती असतील तर विचारूच नका. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतीपलीकडे लवकर दमतो. २.४ चा लांब पोचतो, पण त्याच पट्ट्यात शेजारच्या सगळ्यांचे राउटर गर्दी करून बसलेले असतात. अशा खोलीत उभं राहून मोजलेला आकडा तुमच्या वाय-फायचा असतो. कंपनी घरापर्यंत काय देते ते त्यातून कळत नाही.

म्हणून लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा. ऑफिसचा व्हीपीएन बंद करा, घरातले बाकीचे मोबाइल आणि टीव्ही थोडा वेळ वाय-फायवरून काढा आणि मग मोजा. सकाळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. स्पीड टेस्ट बऱ्याचदा जवळचा, कधी कधी तुमच्याच कंपनीचा सर्व्हर निवडते. तो बदलून पुण्याचा किंवा मुंबईचा निवडा. डाउनलोड, अपलोड आणि पिंग (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ), तिन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट ठेवा.

केबलवर पूर्ण वेग आणि खोलीत त्याचा चौथा हिस्सा, असं निघालं तर प्लॅन वाढवून काहीही होणार नाही. कामाच्या टेबलापर्यंत कॅट-६ केबल ओढून घ्या. माझ्या मते घरून काम करणाऱ्याने नेटवर करायचा पहिला खर्च हाच. २०० च्या प्लॅनवर केबलने मोजूनही आकडा ९४-९५ लाच अडकत असेल, तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट १०० चं आहे, नाहीतर केबलमधली एखादी तार तुटलेली आहे. केबलवर सगळं ठीक आणि व्हीपीएन लावला की मंद? मग फोन ऑफिसच्या आयटीवाल्यांना करा.

फक्त डाउनलोड बघणं

झूमच्या आकडेवारीप्रमाणे दोघांच्या ७२० पी व्हिडिओ कॉलला दोन्ही बाजूंनी १.२ एमबीपीएस पुरतात. ग्रुप कॉलमध्ये १०८० पीसाठी ३.८ अपलोड लागतं. म्हणजे १०० ची गरजच नाही. स्थिर वेग आणि मोकळं अपलोड हवं. काही प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडपेक्षा बरंच कमी असतं. त्यात मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढत असतील किंवा दारावरचा कॅमेरा सतत फुटेज पाठवत असेल, तर तुमचा आवाज मागे रांगेत थांबतो. फोटोंचा बॅकअप रात्री उशिरावर टाका.

अमेरिकेच्या क्लायंटसोबत काम करणाऱ्यांनी रात्रीचं मोजमाप चुकवू नये. फायबरच्या नेहमीच्या जीपॉन पद्धतीत सुमारे २.५ गिगाबिटची एक लाइन ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाऊ शकते. तुमचा क्लायंट कॉल आणि गल्लीतल्या सगळ्यांची मॅच एकाच वेळी येते. दुपारी ९५ आणि रोज रात्री २० असा फरक केबलवर दिसला, तर तक्रार शंभर टक्के रास्त आहे. महिनाअखेरीसच वेग पडत असेल तर मात्र आधी डेटा मर्यादा तपासा. बऱ्याच अनलिमिटेड प्लॅननाही ती असते.

लाइट गेल्यावर राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. राउटरचा छोटा यूपीएस घ्या, आणि फायबरचा डबा वेगळा असेल तर तोही त्यावर जोडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा राउटर बंद कपाटात किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवू नका.

'नेट स्लो आहे' एवढंच सांगणं

यावर उत्तर ठरलेलं: राउटर बंद करून चालू करा. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (सिग्नल येत नसल्याचा) लाल दिवा लागला असेल तर त्याने काही होत नाही. फायबर तुटली आहे किंवा कपाटामागे दुमडली आहे. मागचं रीसेटचं बारीक बटण तर दाबूच नका, सगळी सेटिंग पुसली जातात. कंपनीचा माणूस घरी आला की 'पॉवर किती येतेय?', म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद किती, हे नक्की विचारा. उणे २० डीबीएमच्या आसपास ठीक. उणे २७ च्या खाली गेली तर लाइन दुरुस्त करायला लावा.

कनेक्शन ओळखीच्या केबलवाल्याकडून घेतलं असेल तर तक्रार त्याच्या व्हॉट्सॲपवरच राहते आणि कुठेच नोंद होत नाही. त्याला जरूर सांगा, पण कंपनीच्या तक्रार केंद्रातही नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्या. मुदतीत काम झालं नाही, तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तिथे बोलताना डॉकेट नंबर आणि ते तीन वेळचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.