वर्षातली सर्वोत्तम मॅच आणि सर्वोत्तम रेसलर: नोंदीपासून मतमोजणीपर्यंत

प्रो-रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. त्यामुळे जिंकलेल्या मॅचेस मोजून वर्षाचा सर्वोत्तम रेसलर ठरत नाही, आणि अजिंक्यपदाचा बेल्ट किती दिवस कमरेला होता यावरूनही ठरत नाही. बेल्ट कुणाकडे जाणार हे प्रमोशन, म्हणजे शो भरवणारी कंपनी ठरवते. मॅच कशी उभी राहते हे रिंगमधल्यांच्या हातात असतं. वीस-तीस जणांनी मतदान करून पुरस्कार द्यायचा, तो या दुसऱ्या गोष्टीला.

सर्वांत आधी वर्ष कुठून कुठपर्यंत धरायचं ते ठरवा. निकाल डिसेंबरअखेर जाहीर करणार असाल, तर १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर ही मुदत सोयीची. रेसलिंग ऑब्झर्व्हर न्यूजलेटर या अमेरिकी वार्तापत्राने आपल्या पुरस्कारांसाठी अनेक वर्षं हीच चौकट वापरली आहे. जानेवारी ते डिसेंबर धरलं आणि मतदान १५ डिसेंबरला बंद केलं, तर शेवटच्या पंधरवड्यातल्या मॅचेस ना या वर्षात येतात ना पुढच्या. तारीख नेहमी मॅच झाली त्या ठिकाणची धरा. आधी रेकॉर्ड करून नंतर दाखवलेल्या शोलाही हाच नियम, नाहीतर ऐनवेळी वाद होतात.

पुरस्कारांचा घात सर्वांत जास्त करतो तो विसर. न्यू जपान या जपानी प्रमोशनचा मोठा शो ४ जानेवारीला टोकियो डोममध्ये होतो. मतपत्रिका हातात येईपर्यंत त्याला अकरा महिने होऊन गेलेले असतात आणि डोळ्यांसमोर असतात नोव्हेंबरच्या मॅचेस. म्हणून नोंदवही वर्षभर चालू ठेवा. तारीख, ठिकाण, शो, मॅचची वेळ, गुण आणि दोन ओळींचा शेरा एवढं पुरे. गुण पाच ताऱ्यांत, अर्ध्या-अर्ध्या ताऱ्याच्या टप्प्याने द्या आणि पाचावर थांबा. ऑब्झर्व्हरचे डेव्ह मेल्टझर यांनी न्यू जपानमधल्या काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगाच्या २०१७च्या टोकियो डोममधल्या मॅचला सहा आणि २०१८च्या ओसाकातल्या मॅचला सात तारे दिले. एका समीक्षकाच्या हातात असं चालून जातं. वीस-तीस जणांच्या मतदानात छत फुटलं की प्रत्येकाची पट्टी वेगळी होते. चार तारे किंवा अधिक मिळालेली मॅच किमान महिन्याभराने पुन्हा पाहा आणि दुसऱ्या वेळचे गुण धरा. निकाल माहीत झाल्यावरही मॅच धरून ठेवते का, ते तेव्हाच कळतं.

पाहताना मूव्ह्ज (डाव) मोजू नका. २३ मार्च १९९७ला रेसलमेनिया १३मध्ये झालेली ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिनची मॅच आठवा. शार्पशूटर या ब्रेटच्या पायांच्या पकडीत अडकलेला ऑस्टिन, चेहऱ्यावरून ओघळणारं रक्त, आणि तरीही तो हार मानत नाही; शुद्ध हरपते तेव्हाच मॅच संपते. हिरो म्हणून आलेला ब्रेट खलनायक होऊन परततो आणि हरलेला ऑस्टिन प्रेक्षकांचा होतो. उड्या मोजणाऱ्या पट्टीवर ही मॅच मागे पडेल.

आणखी काही गोष्टी मुद्दाम तपासा. दहाव्या मिनिटाला पायावर मारा झाला असेल, तर पंचविसाव्या मिनिटाला तो पाय दुखतो का? फिनिशर (मॅच संपवणारा खास डाव) किती वेळा लागला, आणि प्रत्येक किकआऊटला, म्हणजे तीनची मोजणी पूर्ण होण्याआधी सुटण्याला, काही किंमत होती का? ४६ मिनिटं ४५ सेकंदांच्या त्या २०१७च्या मॅचमध्ये ओमेगाचा फिनिशर वन-विंग्ड एंजल एकदाही लागत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये लागतो, तर ओकाडाचा पाय दोरीवर पोचतो आणि मोजणी थांबते. तीच मूव्ह २०१८च्या ओसाकातल्या मॅचमध्ये निकाल लावते. अशा मालिकेत एक नियम पाळा: मॅचला गुण त्या एका मॅचचे, मालिकेसाठी ‘सर्वोत्तम वैर’ हा वेगळा विभाग. शक्य असेल तर मॅचचा काही भाग आवाज बंद करूनही पाहा. कॉमेंट्रीने किती भर घातली होती ते लगेच उघडं पडतं.

विभाग सहा-सातच ठेवा: मॅच, रेसलर, टॅग टीम (जोडी), प्रोमो (माइकवरचं भाषण), वैर, नवोदित. रेसलरच्या विभागाचा अर्थ मात्र लिहून द्या. ऑब्झर्व्हरमध्ये सर्वांगीण कामगिरीसाठी एक आणि रिंगमधल्या कौशल्यासाठी दुसरा असे दोन पुरस्कार आहेत, ते उगाच नाही. गर्दी खेचणारा आणि उत्तम मॅच देणारा दर वेळी एकच नसतो. दुखापतीने अर्धं वर्ष बाहेर असलेल्याचं काय, तेही आधीच ठरवा. वर्षभरात किमान आठ नोंदवलेल्या मॅचेस ही अट पुरेशी आहे.

प्रत्येक विभागात मतदाराने तीन नावं क्रमाने द्यावीत: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ गुण. समजा ३० मतदार आहेत. ‘अ’ मॅचला पहिली पसंती १०, दुसरी २, तिसरी ३, म्हणजे ५० + ६ + ३ = ५९. ‘ब’ला पहिली ८, दुसरी १२, तिसरी ४, म्हणजे ४० + ३६ + ४ = ८०. पहिल्या पसंतीत ‘अ’ पुढे, तरी जिंकते ‘ब’, कारण चोवीस जणांनी तिला पहिल्या तिनांत बसवलं. एकच नाव लिहिलेली मतपत्रिका बाद करा. नाहीतर एखाद्या रेसलरचे चाहते बाकी रकाने कोरे ठेवून प्रतिस्पर्ध्यांचे गुण अडवतात. बरोबरी झाली तर पहिल्या पसंतीची मतं बघा, मग दुसऱ्या.

मतदानाआधी दहा मॅचेसची अंतिम यादी तीन आठवडे हातात द्या. सरासरी २५ मिनिटं धरली तरी चार तास दहा मिनिटं होतात. एका आठवड्यात बहुतेक जण फक्त हायलाइट्स पाहून मत देतात, आणि हायलाइट्समध्ये नेमका सांधा निघून जातो. पूर्ण मॅच पाहिल्याचं प्रत्येकाकडून लिहून घ्या.

निकालासोबत प्रत्येकाचे गुण आणि पहिल्या पसंतीची मतं छापा. विजेत्यासाठी साठ-सत्तर शब्दांचं मानपत्र लिहा: तारीख, ठिकाण, वेळ, आणि मॅच जिथे वळली तो एक क्षण. ‘अप्रतिम कामगिरी’ असले शब्द टाळा, ते कुणालाही चिकटतात. रिंगमधलं नाव वर्षभरात बदललं असेल, तर मॅचच्या दिवशी जे होतं तेच लिहा. रेफ्रीचं नावही नोंदवा. निअर फॉलचा, म्हणजे तीनच्या मोजणीआधी थोडक्यात सुटण्याचा थरार निम्मा त्याच्या हाताच्या वेगात असतो.