भूगोलाची जुनी सहल कोकण किनाऱ्यावर पुन्हा कशी काढावी

महाविद्यालयात भूगोल शिकलेले सोबती अनेक वर्षांनी एकत्र येतात, तेव्हा बोलणे हटकून अभ्याससहलीवर येते. वर्गातले व्याख्यान कोणाला आठवत नाही. मात्र कोणाच्या हातून होकायंत्र पाण्यात पडले, सरांनी कोणाला टोपोशीट (जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा) उलटे धरल्याबद्दल सुनावले आणि शेवटच्या संध्याकाळी कोकम सरबताची कळशी कोणी एकट्याने संपवली, हे सर्वांना पाठ असते. अशा गटाने ती सहल पुन्हा काढायची ठरवली, तर ती नेहमीच्या पर्यटनासारखी होऊ नये, यासाठी हे मार्गदर्शन आहे. माझे मत स्पष्ट आहे : दिवसभर काही मोजले, रेखाटले आणि नोंदवले असेल, तरच संध्याकाळच्या पेल्याला चव येते. नुसत्या आठवणींवर गप्पा तासभरच चालतात.

पहिला निर्णय मुक्कामाचा नसून तिथीचा असतो. किनाऱ्यावरचे बहुतेक काम ओहोटीत होते आणि ओहोटी गटाच्या सोयीने येत नाही. कोकणातल्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे सुमारे तीन वाजता भरती. त्याआधी साधारण सहा तास, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला उधाणाची भरती सव्वाअकराच्या सुमारास येते, त्यामुळे ओहोटी भल्या पहाटे किंवा तिन्हीसांजेला सापडते. अष्टमीला ती बाराच्या उन्हात येते, शिवाय भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसे मागे हटतही नाही. म्हणून तृतीया ते पंचमी हे दिवस उत्तम. उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान खडक उघडे मिळतात. हा हिशेब अंदाजाचा असल्याने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांशी तो ताडून पाहावा आणि मगच सुट्टीचे अर्ज द्यावेत.

महिना फाल्गुन निवडावा. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, वाळू ओढून समुद्रात नेतात आणि पावसाळ्यानंतरच्या शांत महिन्यांत ती हळूहळू परत येऊन बसते. त्यामुळे फाल्गुनात पुळण भरलेली असते. त्याच दिवसांत काजूची बोंडे पिकू लागतात, ज्याचे महत्त्व पुढे येईल. फाल्गुन शुद्ध चतुर्थी गाठली, तर दुसऱ्या दिवशी फाकपंचमी असते आणि अनेक गावांत शिमग्याची सुरुवात पाहायला मिळते. होळीच्या आसपास मात्र चाकरमान्यांची गर्दी असल्याने खोल्या मिळणे अवघड होते.

वाट हरिहरेश्वर ते हर्णै ही धरावी. दोन दिवसांत इतके विविध भूरूप दाखवणारा आणि इतका कमी प्रवास घडवणारा दुसरा पट्टा माझ्या पाहण्यात नाही. निघण्यापूर्वी या भागाची १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावीत आणि कागदावर मोठी छापून घ्यावीत. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर आणि समोच्च रेषांमध्ये (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये) उंचीचे वीस मीटरचे अंतर, एवढे लक्षात असले की बाकी सारे हळूहळू आठवते. मोबाइलवरचा नकाशा रस्ता शोधायला चांगला. पण सहा जणांनी एका कागदावर वाकून वाद घालण्याची सोय त्यात नाही.

पहिल्या सकाळी हरिहरेश्वराच्या देवळामागच्या प्रदक्षिणामार्गाने, ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी, कड्याखाली उतरावे. भरतीच्या वेळी ही वाट पाण्याखाली जाते आणि येथे जीव गेले आहेत. म्हणून गावकऱ्यांनी नको म्हटले तर मुकाट्याने मागे फिरावे. खाली बसाल्टचा सागरी कडा, त्याच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेली खाच आणि समोर पसरलेला तरंगघर्षित मंच, म्हणजे लाटांनी झिजवलेला सपाट खडक, एका नजरेत दिसतो. कड्याच्या अंगावर मधाच्या पोळ्यासारखी जी छिद्रे दिसतात, ती लाटांच्या थेट माऱ्याने पडलेली नसतात. खडकात मुरलेले खारे पाणी सुकताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सैल करतात, त्यातून ती तयार होतात. येथे एक नियम कटाक्षाने पाळावा : रेखाचित्र पूर्ण होईपर्यंत कोणीही छायाचित्र काढायचे नाही. आधी क्षितिज, मग कड्याची बाह्यरेषा, मग थरांच्या आडव्या रेघा, शेवटी दिशेचा बाण आणि नावे. वीस मिनिटे पुरतात. चित्र वाईट आले तरी चालते. हात फिरवताना डोळ्यांना जे दिसते, ते कॅमेऱ्याला दिसले तरी आपल्याला दिसत नाही.

दुपारी बागमांडल्याहून गाडीसकट फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरावे. बोटीवर वेळ थोडा असतो, तरी बाणकोटच्या बाजूचे खाडीचे मुख, वाळूचे दांडे आणि कांदळवन टोपोशीटशी जुळवून पाहावे. पुढे वेळासला आणि आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी याच ऋतूत असतात. रात्री पुळणीवर विजेरी घेऊन हिंडणे टाळावे आणि संरक्षित कुंपणाजवळ काठ्या रोवू नयेत. केळशीला भारजा नदीच्या मुखाजवळची वाळूची टेकडी पाहून मुक्कामाला आंजर्ले किंवा मुरूड गाठावे.

दुसऱ्या सकाळचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे : पुळणीचा उभा छेद मोजणे, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्यापर्यंतचा उतार टप्प्याटप्प्याने नोंदवणे. जुन्या सहलीची वही कोणाकडे शिल्लक असेल आणि त्यात असा छेद असेल, तर तीच रेषा पुन्हा मोजावी. नसेल तर नवी ठरवावी. किमती उपकरण लागत नाही. सागरी भूवैज्ञानिक के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली दोन काठ्यांची पद्धत पुरेशी आहे. दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्याव्यात, वरच्या टोकापासून खाली सेंटिमीटरच्या खुणा कराव्यात आणि दोहोंमध्ये दोन मीटरची दोरी बांधावी. सुरुवातीचा बिंदू पक्का हवा : देवळाचा चौथरा, धक्क्याची पायरी, जांभ्याच्या गडग्याचा कोपरा. माडाचे किंवा सुरूचे झाड घेऊ नये, कारण समुद्र पुढे आला की झाड जाते आणि तुमची रेषाही जाते.

एकाने समुद्राच्या बाजूची काठी धरावी, दुसऱ्याने जमिनीच्या बाजूची, आणि तिसऱ्याने वही. दोरी ताणून आडवी धरली की मागच्या माणसाने एक डोळा मिटून पुढच्या काठीचे टोक क्षितिजाच्या रेषेवर आणावे. त्याची नजर स्वतःच्या काठीला जेथे छेदते, तेथील आकडा म्हणजे त्या दोन मीटरमधला उतार. वाळू पुढे चढत असेल तर उलट करावे : मागच्या काठीच्या टोकावरून क्षितिज पाहावे आणि पुढच्या काठीवरचा आकडा वाचावा. आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच पुढे सरकायचे. काठी वाळूत रुतू देऊ नये. खाली नारळाच्या करवंटीचा तुकडा ठेवला की भागते. आकड्याच्या शेजारी काय दिसले तेही लिहावे : कोरडी वाळू, शिंपल्यांची भरतीरेषा, काळी जड वाळू, ओली कडक पुळण. सुरूच्या बनापासून पाण्याच्या कडेपर्यंत पोचायला तासाच्या वर वेळ लागतो, म्हणून ओहोटीच्या तास-दीड तास आधी सुरुवात करावी. जुन्या छेदाशी तुलना करायची तर महिनाही तोच हवा. पावसाळ्यानंतर लगेच मोजलेल्या छेदाशेजारी फाल्गुनातला छेद ठेवून ‘पुळण वाढली’ म्हणणे हा ऋतूचा फरक वर्षांच्या नावावर खपवणे होय.

उन्हे चढल्यावर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, जावे, पण थोडाच वेळ. चिरेखाणीच्या कडेला, मालकाची परवानगी घेऊन, जांभ्याचा छेद पाहावा : वर कठीण तांबडे कवच, त्याखाली छिद्रांचा मऊ थर आणि तळाशी पांढुरकी-गुलाबी चिकणमाती. उष्ण आणि पावसाळी हवेत खडकातली सिलिका धुऊन गेली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली, हे वाक्य परीक्षेत सर्वांनी लिहिलेले असते. मऊ थराला नख लागते आणि उघड्यावर पडलेल्या चिऱ्याला लागत नाही, हे येथे हाताला कळते. जांभ्याच्या याच पातळ मातीत काजू तग धरतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेले हे झाड आता कोकणचेच वाटते.

आता पेल्याविषयी. आमच्या गटातला एक जण इंग्लंडात शिकून आला आहे आणि सॉमरसेटकडच्या भूगोल-सहली सायडरने कशा संपत, हे तो प्रत्येक भेटीत सांगतो. सायडर म्हणजे सफरचंदाचा दाबून काढलेला रस, जो यीस्टच्या साहाय्याने आंबवलेला असतो. थंड हवेतल्या फळबागांचे ते पेय आहे. कोकणात त्याची जागा काजूच्या बोंडाने घ्यावी, असे मला वाटते. बागवाल्याला विचारून सकाळी गळलेली, ताजी, न फुटलेली बोंडे घ्यावीत. बी पिळून वेगळी करावी आणि तिच्या टरफलाला दात किंवा नख लावू नये, कारण टरफलातले तेल कातडी भाजते. बोंडे धुऊन, चिरडून, फडक्यातून रस गाळावा. घशाला होणारी खवखव टॅनिनमुळे असते. साबुदाण्याची पातळ पेज रसात ढवळून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवली की गाळ तळाशी बसतो आणि वरचा रस नितळ निघतो. मिठाची चिमूट टाकून तो थंडच प्यावा. मात्र त्यासाठी बोंडे आदल्या दिवशी वाटेतच मिळवावी लागतात. हा रस बाहेर उघडा ठेवला तर काही तासांत आपोआप आंबू लागतो. तसा आंबवून किंवा भट्टीवर गाळून मद्य करणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय गुन्हा आहे, तेव्हा तो उद्योग करू नये. खऱ्या सायडरचा हट्ट असणाऱ्याने परवानाधारक दुकानातून बाटली आणावी आणि गाडी चालवणाऱ्याने तिच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

बोंडे मिळाली नाहीत, तर कोकम आहेच. घरगुती कोकमाचा पाक असेल तर एक भाग पाकाला चार-पाच भाग पाणी, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे पुरे. बाजारच्या गोड बाटलीत जिरे थोडे जास्त घालावे.

संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव पाहून परतल्यावर आलेखकागद काढावा. आडव्या मापाच्या दहापट उभे माप घेऊन छेद काढावा, जुना छेद ट्रेसिंग पेपरवर उतरवून शून्यबिंदू जुळवून वर ठेवावा. रेषा कोठे फाकतात यावर वाद होईल आणि तो होऊ द्यावा : एक जण धक्क्याला दोष देईल, दुसरा वाळूउपशाला, तिसरा म्हणेल की काठी रुतली होती. तिसऱ्याचे म्हणणे आधी तपासावे. आलेख आणि पेले मात्र वेगवेगळ्या टेबलांवर ठेवावेत, कारण कोकमाचा डाग कागदावरून निघत नाही.