लहान गाडीत वायरलेस सेट बसवताना

अल्टोसारख्या गाडीत हॅम रेडिओचा (हौशी वायरलेसचा) अख्खा सेट डॅशबोर्डवर मावत नाही. तोंड (स्क्रीन-बटणांचा पुढचा भाग) सुटं होणारा सेट घ्या: डबा सीटखाली, तोंड गिअरजवळ. एअरबॅगच्या झाकणावर काहीच नको. डब्याभोवती दोन बोटं जागा सोडा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं बंद गाडीची भट्टी होते, त्यात सेटच्या पंख्याची जाळी धुळीनं बुजते.

वायर थेट बॅटरीवरून ओढा. 50 वॅटचा सेट बोलताना 10 अँपिअरच्या आसपास करंट खातो. लायटरच्या सॉकेटवर फ्यूज उडतो, नाहीतर आवाजात इंजिनाची शिट्टी मिसळते. 15 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच हवा, नाहीतर वायर घासून शॉर्ट झाली की पेटलीच.

145 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची अँटेना साधारण 50 सेंमी, पत्र्याच्या छतावर मधोमध. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) 1.5 च्या वर गेला तर आधी दारात चेमटलेली केबल बघा. परवाना आधीच काढलेला असावा, हे सांगायला नको.