गाळ्याचं भाडं थकलंय? आधी सही घ्या

गाळ्यातला भाडेकरू दोन-तीन महिने थकला की "पुढच्या आठवड्यात बघू शेठ" सुरू होतं, आणि पुढे बाकी किती यावरच वाद निघतो. म्हणून आकडा वेळीच कागदावर आणा.

१. महिनावार हिशेब काढा: भाडं, मेंटेनन्स, लाइट बिल, आलेले पैसे, बाकी.

२. भाडेकरूच्या लेटरहेडवर "अमुक तारखेअखेर इतकी भाडेबाकी मान्य" असं लिहून त्याच्या धंद्याच्या मालकाची किंवा भागीदाराची सही घ्या. शिक्का राहिला तरी चालेल, तारीख नको राहायला. हप्ते ठरले तर तेही त्यातच लिहा. मुदत मिळतेय म्हटल्यावर बहुतेक जण सही देतात.

३. थोडे पैसे आले तर पावतीवर नुसतं "भाडे मिळाले" नको, कोणत्या महिन्याचे ते लिहा. जुनी बाकी आधी फेडून घ्या.

भाडेबाकीच्या दाव्याला ३ वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली की मुदत सहीच्या तारखेपासून नव्याने धरतात.

शटरला आपलं कुलूप ठोकू नका, वीज-पाणीही तोडू नका. विनाकारण वीज-पाणी तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात मनाई आहे; पैसे राहतील बाजूला, केस तुमच्यावरच होईल.