वाडा कधीचा आणि कोणाचा? नोंद करताना या चुका टाळा

एकोणिसाव्या शतकातल्या वाड्याची नोंद बहुतेकदा एका ओळीत उरकली जाते: अमुक साली, अमुकांनी बांधला. ही ओळ फलकावर चढते, तिथून लेखांत उतरते आणि मग खोडता खोडली जात नाही.

पुण्याचा विश्रामबागवाडा घ्या. दुसऱ्या बाजीरावांनी तो १८०७ च्या सुमारास बांधला, हे खरं. पण १८१८ ला पेशवाई गेली, बाजीराव बिठूरला गेले, १८२१ मध्ये इथे संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि १८७९ च्या आगीत वाड्याचा काही भाग जळाला. पुढे दुरुस्ती झाली, नगरपालिकेची कचेरीही इथेच होती. अशा वास्तूतली प्रत्येक तुळई १८०७ ची कशी असेल? म्हणून नोंद भागाभागाने करा. दर्शनी बाजू, प्रत्येक चौक, जिना, छप्पर यांना वेगळा काळ द्या आणि तो कशावरून ठरवला तेही शेजारीच लिहा.

मालकाच्या नावात तर फारच घोटाळे होतात. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. पहिले बाजीराव १७४० मध्ये वारले, दुसरे बाजीराव त्यांचे नातू. ‘नानासाहेब पेशवे’ म्हटलं तर १७६१ मध्ये वारलेले बाळाजी बाजीराव की १८५७ चे नानासाहेब? १८५७ चे नानासाहेब तर दत्तक, म्हणजे जन्मदात्या वडिलांचं नाव निराळं. साध्या घराण्यांतही हेच होतं. वंशावळ मांडल्याशिवाय कागदावरच्या नावाला माणूस चिकटवू नका.

तारखांचा हिशेब हे सगळ्यात घसरडं ठिकाण. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीची. ७८ मिळवून १७६० येतं, पण लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. इंग्रजी वर्ष बदलल्यापासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांवर सुहूर सनही भेटतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘समान मयातैन व अलफ’ म्हणजे आठ, दोनशे आणि हजार, एकूण १२०८. त्यात ५९९ मिळवले की १८०७, पण हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे १८०८ चा पूर्वार्धही त्यातच येतो. मूळ कागदावरचा सन जसाच्या तसा उतरवा, रूपांतर वेगळ्या रकान्यात ठेवा. पुढच्या अभ्यासकाला तुमची बेरीज तपासता आली पाहिजे.

जुन्या कागदांत घराचं माप खणांत दिलेलं असतं. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि ती घरोघरी सारखी नसते. खणांचे फूट करून मोकळं होऊ नका. आधी खांब मोजा, मग कागद पुन्हा वाचा. घर कुठे वाढलं, कुठे तुटलं, ते तिथे कळतं.

मिळकत पत्रिकेवरचं पहिलं नाव बांधणाऱ्याचंच, असं धरू नका. ती नोंद भूमापनाच्या वेळच्या धारकाची असते.

मालकाबद्दल लिहिताना गौरव किंवा शिक्का, दोन्ही सोपे असतात. दुसऱ्या बाजीरावांना ‘पळपुटे’ म्हणून हातावेगळं केलं, की त्यांच्या वाड्यातले सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब, ते घडवणारे कारागीर आणि त्यासाठी लागलेला पैसा या प्रश्नांकडे कोणी वळतच नाही. हिशेबाच्या वह्यांतून सुतार-गवंड्यांची नावं मिळाली तर तीही मालकाच्या नावाइतक्याच ठळकपणे नोंदवा.

आणि साफसफाईची घाई नको. खांब घासण्याआधी, रंग खरवडण्याआधी, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. फोटोवर दिशा, मजला, खोली आणि तारीख लिहा. थरावर थर चढलेला रंग हाही पुरावाच असतो आणि एकदा खरवडला की तो परत मिळत नाही.