बीकॅशएफएस चालणारी आर्चची इन्स्टॉल डिस्क बनवताना काय काय बघून घ्यायचं

बीकॅशएफएस ही लिनक्सची एक फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइल्स साठवायची पद्धत, आणि आर्च म्हणजे आर्च लिनक्स. बीकॅशएफएस आता कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, आत नाही, हे पहिलं डोक्यात पक्कं बसवा. जानेवारी २०२४ ला ६.७ सोबत ते आत आलं, ६.१७ मध्ये 'बाहेरून सांभाळलं जातं' अशी नोंद झाली आणि ६.१८ मधून कोडच काढून टाकला, आता ते बनवणारे केंट ओव्हरस्ट्रीट ते डीकेएमएस मॉड्यूल म्हणून देतात, म्हणजे कर्नलला बाहेरून जोडायचा, आपल्याच मशीनवर कंपाइल होणारा तुकडा. म्हणजे इन्स्टॉल डिस्कवर नवीन कर्नल असेल तर नुसती टूल्स टाकून काही होत नाही, मॉड्यूल आपल्यालाच आत बसवावं लागतं. मी हे सगळं इतकं जीव लावून का सांगतोय तर घरच्या मशीनवर दोन डिस्कवर आईने जपून ठेवलेल्या जुन्या फोटोंचे स्कॅन होते, एका अपडेटनंतर रूट (सिस्टीमचं मुख्य पार्टिशन) माउंट होईना, म्हणजे उघडेना, म्हणून पेनड्राइव्ह लावला तर तोही 'अननोन फाइलसिस्टम टाइप' म्हणून मोकळा. डेटा जागच्या जागी होता पण उघडायला हातात काही नव्हतं, ते दोन दिवस फार वाईट गेले. त्यामुळे माझ्या मते ही डिस्क आधी रेस्क्यूसाठी बनवायची, इन्स्टॉल नंतर.

आता तयारी. आर्च चालू असलेलं मशीन हवं, त्यावर आर्चआयएसओ (इन्स्टॉल डिस्कची आयएसओ फाइल बनवणारं) पॅकेज टाकायचं आणि त्यातलं रेलएन्जी नावाचं प्रोफाइल आपल्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्यायचं, मूळ फाइल्सना हात लावायचा नाही. जागा १५ जीबी तरी मोकळी ठेवा, आणि वर्क फोल्डर टीएमपीमध्ये नको, आर्चवर टीएमपी रॅममध्ये असतं, ८ जीबीच्या लॅपटॉपचा जीव जातो.

पॅकेजच्या यादीत तीन गोष्टी बघायच्या: बीकॅशएफएस-टूल्स, बीकॅशएफएस-डीकेएमएस आणि कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल कंपाइल करायला लागणाऱ्या फाइल्स). हेडर्स विसरले की मॉड्यूल कंपाइलच होत नाही, आणि ते ज्या कर्नलवर डिस्क बूट होणार त्याचेच हवेत. एलटीएस (जास्त काळ सांभाळला जाणारा) कर्नल घेणार असाल तर नुसतं यादीत नाव बदलून भागत नाही, इनिटरॅमएफएस (बूट होताना कर्नलसोबत आधी लोड होणारी छोटी सिस्टीम) बनवणाऱ्या एमकेइनिटसीपीआयओची प्रीसेट फाइल आणि बूटलोडरच्या प्रत्येक एंट्रीत कर्नल आणि इनिटरॅमएफएसची नावं बदलायची, एक जरी राहिली तर त्या एंट्रीवरून बूटच होणार नाही. डीकेएमएससोबत जीसीसी (कंपाइलर) वगैरे पण आत येतं, आयएसओ फुगतो, फुगू दे.

खरी गोम पुढे आहे. डीकेएमएसचं कंपाइल फसलं तरी बिल्ड थांबत नाही! पॅकमन (आर्चचा पॅकेज टाकणारा प्रोग्राम) एक ओळ छापतो, 'कमांड फेल्ड टू एक्झिक्यूट करेक्टली', आणि पुढे जातो, शेवटी आयएसओ छान तयार होतो, नाव बरोबर, साइज बरोबर, आत मॉड्यूल नाही. म्हणून पूर्ण आउटपुट एका फाइलमध्ये साठवा आणि त्यात ही ओळ शोधा, आणि त्यावरही विश्वास न ठेवता वर्क फोल्डरमध्ये एअररूटएफएस (लाइव्ह सिस्टीमच्या फाइल्सचा फोल्डर) च्या मॉड्यूल्समध्ये अपडेट्स, त्यात डीकेएमएस, तिथे बीकॅशएफएसची फाइल डोळ्यांनी बघा. दिसली नाही तर दुरुस्ती करून परत बिल्ड मारताना आधी वर्क फोल्डर उडवा, कारण एमकेआर्चआयएसओ, म्हणजे बिल्ड करणारी कमांड, झालेल्या पायऱ्या परत करत नाही, जुनंच उचलतो आणि आपण तासभर विचार करत बसतो की बदल दिसत का नाही.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेलंच बूट होऊ देणारं बायोसमधलं सेटिंग) बंद ठेवायचं, त्यात वेळ घालवू नका.

मग टेस्ट, आणि ही पेनड्राइव्हवर लिहायच्या आधी, क्यूईएमयूमध्ये, म्हणजे मशीनच्या आत चालणाऱ्या खोट्या मशीनमध्ये. २० जीबीच्या दोन रिकाम्या इमेज जोडा, लाइव्ह सिस्टीम बूट झाली की मॉडप्रोब करून मॉड्यूल लोड होतंय का बघा, मग रेप्लिकास २ ठेवून, म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या दोन कॉपी, दोन्हींवर फॉर्मॅट करा, माउंट करताना दोन्ही डिव्हाइसची नावं मध्ये कोलन देऊन लिहायची. त्यावर चारेक जीबी फोटो टाका, चेकसम (फाइल बदलली की बदलणारा तपासणीचा आकडा) काढून वेगळे ठेवा. आता लाइट गेल्यासारखं करायचं: अजून फोटो कॉपी होत असतानाच क्यूईएमयू किल करा, परत बूट, परत माउंट, चेकसम जुळवा. ते जुळलं की माउंट काढून एका इमेजच्या मधल्या भागात थोडे शून्य लिहून खराब करा आणि परत माउंट करून फोटो वाचा, चेकसममुळे खराब ब्लॉक पकडला जातो आणि दुसऱ्या कॉपीवरून फाइल नीट मिळते, हे एकदा स्वतः बघितलं की या फाइलसिस्टमवर जीव का टाकतात ते कळतं. एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टम तपासणारी कमांड, मात्र आधी काही न बदलता चालवायचं, डॅश एन देऊन.

इन्स्टॉल करून बघताना बूटचं पार्टिशन वेगळं, एफएटी-३२ किंवा एक्स्ट-४, कारण ग्रब या बूटलोडरला बीकॅशएफएस वाचता येत नाही. आणि सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात: डिस्कवर मॉड्यूल आहे म्हणून नवीन सिस्टीममध्ये आपोआप येत नाही, पॅकस्ट्रॅपच्या (नवीन सिस्टीममध्ये पॅकेजेस टाकणाऱ्या कमांडच्या) ओळीत तेच डीकेएमएस पॅकेज, तेच हेडर्स, तीच टूल्स परत लिहायची, इनिटरॅमएफएसमध्ये बीकॅशएफएस मॉड्यूल आलंय का तपासायचं, आणि दोन डिस्कचं रूट असेल तर एफएसटॅबची (कोणती डिस्क कुठे माउंट करायची त्या फाइलची) ओळ स्वतः वाचायची. एकदा बूट झालं की त्याच क्यूईएमयूमध्ये पूर्ण अपडेट मारून परत रीबूट करा, कर्नल बदलल्यावरही उभं राहिलं तरच पास.

पेनड्राइव्हवर लिहिल्यावर खऱ्या मशीनवर एकदा बूट करून आपल्या खऱ्या डिस्क फक्त रीड-ओन्ली माउंट करून बघा. नवीन मॉड्यूलने वापरलेली डिस्क जुनी टूल्स उघडतीलच असं धरून चालू नका, त्यामुळे घरच्या सिस्टीमवर मॉड्यूल पुढे गेलं की ही डिस्कही परत बनवायची, मी दर दोन महिन्यांनी बनवतो. पेनड्राइव्हवर कागदाची चिकटपट्टी लावून कर्नलचा आकडा, टूल्सचा आकडा आणि तारीख लिहा, आणि आधीचा चालणारा पेनड्राइव्ह पुसू नका, नवीनवरून एकदा खरे फोटो उघडून झाले की मगच तो मोकळा करायचा.