ई-चलान ते कोर्टाचं समन्स: या चुका टाळा

"माझ्या गाडीवर चलान आहे, काय करू?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, "ते आत्ता कुठे आहे?" समोरच्याचा चेहरा कोरा. चलान आणखी कुठे असणार, मोबाइलमध्येच की! गोम इथेच आहे. चलान आधी वाहतूक पोलिसांकडे असतं. भरलं नाही तर ते व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या कोर्टात जाऊ शकतं, नाहीतर नेहमीच्या फौजदारी कोर्टात खटला म्हणून दाखल होऊ शकतं. मुक्काम बदलला की शोधायची जागा, पैसे भरायची जागा आणि हरकत घ्यायची रीत, तिन्ही बदलतात. मी वकिलांकडे कारकून आहे. आमच्याकडे येणाऱ्या चलानाच्या भानगडींपैकी बऱ्याच केवळ हे न बघता केलेल्या घाईतून झालेल्या असतात.

एकाच साइटवर बघून "काही नाही" म्हणणं

महाराष्ट्रातली चलानं महाट्रॅफिकच्या साइटवर आणि ॲपवर दिसतात. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. हे आता लोकांना पाठ आहे, आणि तिथे काही दिसलं नाही की ते हात झटकतात. पण परराज्यात गाडी घेऊन गेला होतात ना? तिथलं चलान केंद्राच्या परिवहन ई-चलान पोर्टलवर असू शकतं. तिथे गाडीच्या नंबराबरोबर लायसन्सच्या नंबरानंही शोधता येतं. दोन्ही शोध करा, कारण दुसऱ्याची गाडी चालवताना झालेलं चलान कधी कधी लायसन्सच्या नंबरावरच सापडतं.

तिसरी जागा व्हर्च्युअल कोर्ट. तिथे आधी राज्य आणि खातं निवडायचं, मग मोबाइल नंबर, नाव, चलान किंवा गाडीचा नंबर यांपैकी एकानं शोधायचं. तिथे गुन्हा कबूल करून दंड भरता येतो किंवा खटला लढवायचा पर्याय निवडता येतो. लढवायचं म्हटलं की प्रकरण त्या हद्दीतल्या नेहमीच्या कोर्टाकडे जातं. "बघू तर काय होतं" म्हणून हे बटण दाबणारे महाभाग मी पाहिलेत. काय होतं? तारीख लागते.

चौथी जागा ई-कोर्ट्स सेवा, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणारी साइट. इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. समन्सवर किंवा मेसेजमध्ये सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, असेल तर तो टाकायचा, काम झालं. तो नसेल तर नावानं शोधायची वेळ येते. पहिली चूक, लोक स्वतःच्या जिल्ह्याचं कोर्ट निवडतात. खटला तुम्ही राहता तिथे चालत नाही, गुन्हा घडला तिथे चालतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर वेगाचं चलान झालं तर कॅमेरा नेमका कुठला हे बघा. मावळ पुणे जिल्ह्यात, खालापूर रायगड जिल्ह्यात. घाटाच्या वर की खाली, एवढ्यावर जिल्हा बदलतो. चलानावर ठिकाण लिहिलेलं असतं, ते वाचायचे कष्ट कुणी घेत नाही.

दुसरी चूक नावाची. नोंद बहुतेक वेळा इंग्रजी स्पेलिंगनं होते आणि टायपिस्टनं काय टाइप केलं असेल याचा नेम नाही. आरसी बुकावर जसं नाव आहे तसं आधी टाका. मग फक्त आडनाव, मग आडनावाची पहिली काही अक्षरं. 'देशमुख'च्या शेवटी एचच गाळलेला मी पाहिलाय. तिसरी चूक वर्षाची. तिथे खटला दाखल झाल्याचं वर्ष लागतं, चलानाचं नव्हे. डिसेंबरातलं चलान पुढच्या वर्षात दाखल झालेलं असू शकतं, तेव्हा पुढचं वर्षही तपासा. आणि शोधताना फक्त प्रलंबित खटल्यांवर टिचकी मारू नका, निकाली निघालेलेही बघा. या खटल्यांवर बहुधा एससीसी म्हणजे समरी क्रिमिनल केस असं लिहिलेलं असतं. यादी लांबलचक आली तर ती अक्षरं शोधा.

माझी सवय सांगतो. वहीत एका पानावर चार रकाने आखतो: महाट्रॅफिक, परिवहन, व्हर्च्युअल कोर्ट, ई-कोर्ट्स. प्रत्येकापुढे शोधल्याची तारीख आणि काय मिळालं ते. स्क्रीनशॉट वेगळे ठेवतो. पोरं हसतात. हसू देत.

फोटो न बघता पैसे भरणं

कॅमेरा आकडे वाचताना चुकतो. ८ चा ३ होतो, बी चा ८ होतो. दुसऱ्याच कुणीतरी तुमचा नंबर लावून गाडी फिरवत असेल तर विचारूच नका. चलानासोबतचा फोटो उघडा. गाडीचा रंग, मॉडेल, वेळ, ठिकाण जुळतंय का बघा. जुळत नसेल तर भरू नका. चलान दिसलं त्याच साइटवर तक्रार टाका, सोबत आरसी आणि तुमच्या गाडीचे पुढून-मागून फोटो जोडा, आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. "दोनशे-पाचशेचं तर आहे, कशाला कटकट" म्हणून भरून टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पैसे भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. बनावट नंबराची गाडी उद्या कुणाला धडकली तर तुमच्या हातात आधी हरकत घेतल्याचा कागद हवा, दंड भरल्याची पावती नको.

गाडी विकली, आता आपला काय संबंध?

ही माझी खास चीड. एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले होते. मोटरसायकल ओळखीच्याला विकली होती. शंभरच्या स्टँप पेपरवर लिहून दिलं, फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे आरटीओचे फॉर्म) यांवर सह्या करून कोरे फॉर्म खरेदीदाराच्या हातात दिले, "तू बघ बाबा आरटीओचं" म्हणाले. मधल्या माणसानं सांगितलं होतं की एवढं पुरतं. खरेदीदारानं ते फॉर्म कपाटात टाकले आणि गाडी फिरवायला लागला.

मग चलानं यायला लागली. विनाहेल्मेट, ट्रिपल सीट. गुरुजींनी पहिली काही गपचूप भरली. माणूस सज्जन, भांडण नको म्हणून. भरली म्हणजे कागदोपत्री काय झालं? गाडी आपल्याच ताब्यात आहे हे त्यांनी स्वतःहून पुन्हा पुन्हा मान्य केलं. पुढे दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टाचं समन्स आलं. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्सच नव्हतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८० खाली विनालायसन्स माणसाला गाडी चालवू देणारा मालकही गुन्हेगार ठरतो. त्याला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आणि आरसीवर मालक कोण? गुरुजी. आयुष्यभर पोरांना शिस्त शिकवलेला माणूस, हातात समन्स घेऊन समोर बसला तेव्हा बोलताना अडखळत होता.

स्टँप पेपर दाखवला तर काय, तो त्या दोघांमधला करार. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अपघात भरपाईच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याच्या लेखी मालक तोच. आमच्या वकीलसाहेबांनी खरेदीदाराला गाठलं, तो आधी फोन उचलेना, मग "बघतो" म्हणाला. शेवटी त्याच्या सासऱ्यांमार्फत निरोप गेला तेव्हा कोर्टात उभा राहिला आणि गाडी विकत घेतल्यापासून आपल्याच ताब्यात होती असं लिहून दिलं. गुरुजी त्या समन्सातून सुटले. आधी भरलेले पैसे मात्र गेले ते गेलेच.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५० वाचा. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. घेणाऱ्याला ३० दिवस. म्हणजे कळवायची पहिली जबाबदारी तुमची आहे. ती खरेदीदाराच्या भरवशावर सोडू नका. माझा नियम असा: कोऱ्या फॉर्मवर सही नाही. फॉर्म २९ स्वतः दाखल करायचा, पोच घ्यायची. गाडी ताब्यात देताना खरेदीदार, गाडी आणि नंबर प्लेट एकाच फोटोत यावेत असा फोटो काढायचा, तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घ्यायची. आरसीवर नवं नाव चढलेलं दिसेपर्यंत अधूनमधून त्या नंबरावरची चलानं तपासत राहायचं. एजंटला पैसे दिले की सगळं होतं अशी समजूत असणाऱ्यांना गुरुजींचा किस्सा मी मुद्दाम सविस्तर ऐकवतो.

लोक अदालतीची वाट बघत बसणं

शेजारच्या कर्नाटकात २०२३ साली थकीत चलानांवर निम्मी सूट मिळाली होती. तेव्हापासून आपल्याकडच्या प्रत्येक लोक अदालतीआधी "चलान निम्म्यात मिटवा" हा मेसेज नव्या तारखेनं फिरतो. राष्ट्रीय लोक अदालत साधारण वर्षातून चारदा भरते आणि तिथे तडजोडीनं चलान मिटवता येतं हे खरं. पण किती कमी होईल हे व्हॉट्सॲप ठरवत नाही. ज्या गुन्ह्यात कायद्यानं तडजोडच होत नाही तो तिथे मिटत नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण घेऊन लोक अदालतीच्या रांगेत उभं राहणं म्हणजे पोस्टात रेल्वेचं तिकीट मागणं. ते दंडाधिकाऱ्यांपुढेच जातं: पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लोक अदालतीची नोटीस आली असेल तर जरूर जा, पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, तेव्हा फोटो जुळत नसलेलं चलान तिथे "मिटवून" येऊ नका.

"सहा महिने झाले, चलान बाद"

अर्धवट ज्ञान. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत आहे, हे बरोबर. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४६८ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५१४. पण ज्यात एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते तिथे मुदत एक वर्षाची. खटला कोर्टात दाखल कधी झाला ते महत्त्वाचं, तुम्हाला कळलं कधी ते नाही. शिवाय उशीर माफ करायची मुभा कोर्टाला आहे. हा मुद्दा वकिलानं कोर्टात मांडायचा असतो. घरी बसून चलान आपोआप पुसलं जात नाही. तसंच कॅमेऱ्यातल्या गुन्ह्याची सूचना ठरलेल्या मुदतीत पाठवायचा नियम आहे (२०२१ सालच्या नियमात ती १५ दिवसांची होती). तोही हरकतीत लिहायचा मुद्दा आहे, चौकात पोलिसाशी हुज्जत घालायचा नाही.

एपीके फाइल

'आरटीओ चलान' नावाची फाइल व्हॉट्सॲपवर आली तर उघडू नका. सरकार चलानासाठी एपीके, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, धाडत नाही. वर सांगितलेल्या चारही सरकारी साइटचा पत्ता 'डॉट गव्ह डॉट इन'नं संपतो. उघडलीच असेल तर आधी मोबाइलचं इंटरनेट बंद करा, बँकेला कळवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. नातेवाइकांच्या ग्रुपवर "कुणाला असं आलंय का" हे नंतर विचारा.

बारीकसारीक

गाडीच्या नोंदणीतला, म्हणजे सरकारी वाहन पोर्टलवरचा, मोबाइल नंबर जुना असेल तर मेसेज दुसऱ्यालाच जातात आणि तुम्हाला एकदम समन्सच दिसतं. आजच बदला.

डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधली कागदपत्रं चालतात. व्हॉट्सॲपवरचा आरसीचा फोटो चालत नाही.

चौकात रोख देऊन "मिटवू" नका. पावती नाही म्हणजे चलान मिटलं नाही.

समन्स नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ खाली कधी कधी वकिलामार्फत हजर राहायची किंवा गुन्हा कबूल करून रक्कम पाठवायची सोय समन्सवरच लिहिलेली असते, आणि लोक रजा टाकून हेलपाटा घालतात.

तारखेला जायचंच असेल तर कोर्ट भरायच्या आधी पोचा, बोर्डावर आपला नंबर बघा, समन्स, चलान, आरसी आणि लायसन्सच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. दंड भरल्यावर पावती घ्या आणि ई-कोर्ट्सवर खटला निकाली दिसेपर्यंत बघत राहा. मग महाट्रॅफिकवर तेच चलान पुन्हा उघडा. तिथे अजून थकीत दिसत असेल तर पावती जोडून लगेच तक्रार टाका.